घरी बॉनेट रंगवताना क्लिअरला संत्र्याची साल: नेमकं चुकतं कुठे?

चाकोरी
मारुतीची चंदेरी हॅचबॅक, कलर कोड झेड२एस. बॉनेट काढून स्टँडवर ठेवलं आहे. सरफेसर (रंगाखालचा भरणीचा प्रायमर) घासून झाला, बेसचे (मूळ रंगाचे) तीन हात झाले, वर टू-के क्लिअरचे (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक चमकदार थर) दोन हात. क्लिअर-हार्डनर २:१, वर १० टक्के थिनर. ग्रॅव्हिटी गन (कप वर असलेली) एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा-कमी दाबाची, नोझल १.४. कॉम्प्रेसर १ एचपी, २५ लिटर टाकी, गेजवर ४० पाउंड (पीएसआय) दाब. अंतर साधारण एक वीत.

कडेच्या अर्ध्या फुटात काच बसवल्यासारखं आलंय. मध्यभागी मात्र संत्र्याची साल (तशीच बारीक खळगेदार), आणि अगदी मधोमध हात फिरवला तर खरखर लागते. मिश्रण तेच, गन तीच, हातही तोच. मग कडेला एक आणि मध्ये दुसरं असं का?

---

नटबोल्ट
उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. कडेपासून सुरुवात केलीत ना? तेव्हा टाकी भरलेली होती.

एचव्हीएलपी गनला मिनिटाला १० ते १२ घनफूट हवा लागते. १ एचपीचा छोटा कॉम्प्रेसर फार तर ४ देतो. पहिले दोन-तीन पट्टे टाकीतल्या साठ्यावर निघतात, नंतर गनपाशी दाब उतरत जातो. दाब उतरला की थेंब मोठे पडतात, नीट फुटत नाहीत. मोठा थेंब पृष्ठभागावर बसतो पण पसरत नाही. तीच तुमची साल.

दुसरं, ४० पाउंड कुठल्या गेजवर? कॉम्प्रेसरवरच्या गेजचा आकडा ट्रिगर सोडलेला असताना बघितला तर त्याला अर्थ नाही. बारीक नळीत ८-१० मीटरला सहज १० पाउंड जातात. गनच्या बुडाशी छोटा रेग्युलेटर लावा, ट्रिगर पूर्ण दाबून धरा आणि मग आकडा वाचा. क्लिअरला बहुतेक एचव्हीएलपी गनना तिथे २६ ते २९ पाउंड लागतात. गनवर किंवा तिच्या कागदावर आकडा छापलेला असतो, तोच प्रमाण.

---

चाकोरी
म्हणजे मोठा कॉम्प्रेसर घेणे हाच उपाय?

---

नटबोल्ट
नाही. गन बदला, स्वस्तात पडेल. एलव्हीएलपी (कमी हवा-कमी दाबाची) गन ४ ते ६ घनफुटात चालते. ती हळू मारते, पट्टा थोडा अरुंद येतो, पण एका पॅनलला काही अडचण नाही. आहे त्याच गनवर भागवायचं तर फॅन (फवाऱ्याची रुंदी) थोडा अरुंद करा, प्रत्येक दोन पट्ट्यांनंतर थांबून टाकी भरू द्या. मात्र क्लिअरला फार थांबता येत नाही. आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यावर चढला पाहिजे, नाहीतर जोड दिसतो. १ एचपीवर अख्खं बॉनेट एचव्हीएलपीने ओलं ठेवणं जमत नाही, हे मान्यच करावं.

---

सुतारपक्षी
नटबोल्ट हवेचं बोलले ते बरोबर, पण मधली खरखर ही वेगळी भानगड आहे. साल म्हणजे रंग ओला पडला पण पसरला नाही. खरखर म्हणजे रंग पोचेपर्यंतच अर्धा वाळला. दोन्ही एकाच पॅनलवर असतील तर मध्यभागी पोचायला हात लांब करताना मनगट वळलं असणार. गन पॅनलला काटकोनात न राहता तिरकी झाली, अंतर वीतभरावरून दीड वितीवर गेलं.

वीतभर म्हणजे २०-२२ सेंटिमीटर. एचव्हीएलपीला ते थोडं जास्तच, १५ ते १८ ठेवा. अंगठा आणि तर्जनी ताणून जितकं अंतर होतं, ते पुरे. बॉनेट आडवं ठेवून मध्ये वाकण्यापेक्षा स्टँडवर ६०-७० अंशांत उभं करा. धूळही कमी बसते. हात खांद्यातून सरकवा, मनगटातून नाही. नळी खांद्यावरून पाठीमागे घ्या, नाहीतर ती ओल्या क्लिअरवर टेकतेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गनकडे बघू नका, रंग पडतोय तिथे बघा. एक ट्यूबलाइट बाजूला, पॅनलच्या पातळीच्या जरा वर, अशी लावा की तिचं प्रतिबिंब तुम्ही मारत असलेल्या पट्ट्यात दिसेल. क्लिअर पडताक्षणी प्रतिबिंबाच्या कडा दातेरी दिसतात. दोन-तीन सेकंदांत दात आत ओढले जातात आणि रेघ सरळ होते. होत नसेल तर तुमचा हात जलद चाललाय किंवा माल जाड आहे. रेघ सरळ होऊन हलायला लागली, तर ओघळ येणार. त्या दोन्हींच्या मधला वेग तुमचा. तो सांगून कळत नाही, प्रतिबिंबात दिसतो.

---

खळगा
थिनर १० टक्के असं सगळे सांगतात. चिकटपणा मोजत कोणी नाही. चिकटपणा मोजायचा फोर नंबरचा कप स्वस्तात मिळतो. कप भरायचा, खालचं भोक उघडायचं, धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. क्लिअरला साधारण १६ ते १८ सेकंद, बेसला १४ ते १६. डब्यावर किंवा कंपनीच्या पत्रकात नेमका आकडा दिला असेल तर तो पाळा. डिसेंबरातल्या सकाळी १० टक्के आणि मे महिन्यात १० टक्के हे एकच मिश्रण नव्हे, क्लिअर थंडीत घट्ट होतो.

पण साल येते म्हणून थिनर ओतत सुटू नका. २० टक्क्यांवर गेलात की थर पातळ होतो, चकाकी महिन्याभरात खाली बसते, आणि उभ्या पॅनलवर ओघळ ठरलेले. आधी दाब, मग अंतर, मग वेग, आणि शेवटी थिनर.

---

नटबोल्ट
+१. आणि मारण्याआधी कागदावर चाचणी. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, ठरलेल्या अंतरावरून गन न हलवता ट्रिगर क्षणभर दाबून सोडा. पट्टा लांबट अंडाकृती, सगळीकडे सारखा हवा. मध्ये जाड आणि टोकांना विरळ आला तर दाब कमी किंवा माल घट्ट. दोन टोकांना जाड आणि मध्ये बारीक, डमरूसारखा आला तर दाब जास्त किंवा माल पातळ. चंद्रकोरीसारखा वाकडा आला तर गनच्या तोंडावरच्या एअर कॅपचं एका बाजूचं भोक बुजलंय. भोक तारेने उकरू नका, थिनरमध्ये भिजवून मऊ ब्रशने साफ करा. तारेने भोक एकदा वाकडं झालं की कॅप गेली.

---

घाटमाथा
हवामानाचं कोणी बोललं नाही, म्हणून.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये दुपारी मारलात तर थिनर वाटेतच उडतो, पॅनलवर भुकटी पोचते. तिथे सकाळी ७ ते ९, आणि थिनर-हार्डनर दोन्ही स्लो घ्यायचे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उलटं दुखणं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग दुधाळ पडतो. एनसीला (नायट्रोसेल्युलोज, हार्डनरशिवायचा जुन्या धाटणीचा रंग) हे हमखास होतं, कारण एनसी थिनर भराभर उडतो. पाच-दहा टक्के रिटार्डर (थिनर हळू उडू देणारा द्रव) टाकला तर सुधारतं. टू-केला दूधाळपणा कमी, पण हार्डनर पाण्याशी जुळतो आणि क्लिअरमध्ये बारीक बुडबुडे राहतात. बाहेर धुवांधार चालू असेल तर त्या दिवशी घसाई करा, रंग नको.

हवेचं तापमान बघतात, पॅनलचं कोणी बघत नाही. उन्हात उभं ठेवलेलं बॉनेट सावलीत आणलं तरी पाऊण-एक तास तापलेलं असतं. पालथा हात ठेवून बघा. कोमट लागलं तरी थांबा. २० ते ३० अंश उत्तम. थंडीत सायंकाळी उघड्यावर मारू नका, रात्रीचं दव ओल्या क्लिअरवर पडलं की सकाळी चकाकी गायब.

कॉम्प्रेसरचं पाणी पण इथेच येतं. टाकीतून निघालेली हवा गरम असते, तिच्यातलं पाणी वाफेच्या रूपात असतं. फिल्टर कॉम्प्रेसरलाच लावलात तर वाफ सरळ पार होते आणि पुढे नळीत थंड होऊन थेंब होतो. फिल्टर ७-८ मीटर नळीनंतर लावा.

---

खळगा
पाण्याचा मुद्दा भारी. "फिल्टर लावला तरी पाणी येतं" ही तक्रार नव्वद टक्के वेळा इथलीच.

---

राखाडी
चंदेरी आहे म्हणून बेसबद्दल दोन गोष्टी, कारण क्लिअर सपाट बसला तरी खाली ढग (शेडचे गडद-फिके पट्टे) असतील तर ते आणखी ठळक दिसतात.

मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे भुकटीएवढे बारीक पत्रे असतात. थर ओला पडला की ते आत बुडून उभे-आडवे राहतात, शेड गडद होते. कोरडा पडला की वर आडवे झोपतात, शेड उजळते. म्हणून एकाच डब्यातल्या रंगाचे दोन पॅनल वेगळे दिसतात. पहिले दोन हात मध्यम, अर्धा पट्टा अर्ध्यावर चढवत. प्रत्येक हातानंतर पृष्ठभाग पूर्ण मंद होईपर्यंत थांबा, साधारण ५ ते १० मिनिटं. शेवटी एक विरळ हात: अंतर २५-३० सेंटिमीटर, दाब १५-१८ पाउंडांवर, आणि आधीच्या हाताच्या आडव्या दिशेने. ह्या हाताने ढग मोडतात. तो ओला दिसता कामा नये.

कोड जुळला म्हणजे शेड जुळली असं नाही. एकाच कोडच्या चार-पाच उपशेड असतात, आणि आठ-दहा वर्षांत मूळ रंग उतरलेला असतो. पोस्टकार्डाएवढ्या पत्र्यावर तेच बेस, त्याच हाताने, वर क्लिअर मारून वाळवा आणि फेंडरला लावून उन्हात तिरकं-सरळ बघा. क्लिअरशिवाय तुलना करू नका, क्लिअरखाली बेस गडद दिसतो. पांढऱ्या २६यू सारख्या सॉलिड रंगाला ही कटकट निम्मी.

---

वाफारा
थोडं थांबून हे वाचा.

टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वास येत नाही म्हणजे नाही, असं ह्याच्या बाबतीत चालत नाही; घातक पातळीलाही नाकाला काही कळत नाही. ह्याने दमा होतो, आणि शरीर एकदा बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो, तो कायमचा. कापडी मास्क आणि एन९५ वाफेला काहीही अडवत नाहीत. खरा उपाय बाहेरून ताजी हवा देणारा मास्क. तो नसेल तर निदान चेहऱ्याला घट्ट बसणारा, सेंद्रिय वाफेचे आणि कणांचे असे दोन्ही काडतूस असलेला, सील न फोडलेल्या ताज्या काडतुसांचा, उघड्यावर आणि थोड्याच वेळाच्या कामाला. दाढी असेल तर तो बसतच नाही. हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचे कपडे.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्लिअर मारू नका. बेसची भुकटी वाळून खाली पडते, क्लिअरची ओलीच उडते आणि शेजारच्या गाड्यांवर चिकटून बसते. बंद शटरमध्ये साधा एक्झॉस्ट लावाल तर मोटरची ठिणगी आणि थिनरची वाफ एकत्र येतात. त्याबद्दल जास्त लिहायला नको.

माझं मत: प्रायमर, घसाई, बेस घरी; क्लिअर एखाद्या बूथवाल्या गॅरेजकडून मारून घ्या.

---

सुतारपक्षी
मत पटतं, फक्त एक दुरुस्ती. टू-के सरफेसरच्या हार्डनरमध्येही तेच आयसोसायनेट असतं. "प्रायमरच तर आहे" म्हणून मास्क काढू नये. शिवाय घरी बेस मारून गॅरेजला न्यायचं तर बेसवर क्लिअर त्याच दिवशी चढला पाहिजे. बहुतेक बेसची मुदत २४ तासांच्या आसपास असते. उशीर झाला तर हलकं घासून पुन्हा एक हात बेस द्यावा लागतो, कारण घासलेल्या मेटॅलिकवर थेट क्लिअर मारला की ओरखडे दिसतात.

---

रविवारचा_मेकॅनिक
कॉम्प्रेसरच नाही, फेंडर एकच आहे, तो बाटलीतल्या स्प्रेने होईल का?

---

सुतारपक्षी
होतो. तीन गोष्टी पाळा. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं, पाणी अंगावर घेण्याइतकं कोमट. उकळतं अजिबात नाही, बाटली फुटते. गोळी वाजायला लागल्यापासून पुढे पूर्ण दोन मिनिटं हलवा. कोमट केल्याने दाब वाढतो, रंग पातळ होतो आणि थेंब बारीक पडतात. अंतर पूर्ण वीत. बोट पॅनलच्या बाहेर दाबायचं, बाहेरच सोडायचं.

४०० मिलिची बाटली तीन हातांत साधारण एक-सव्वा चौरस मीटर धरते. फेंडरला बेसची एक पुरते, पण दोन आणा. मध्येच संपली तर दुकान बंद असतं हा नियम आहे. क्लिअर मात्र साधा वन-के (हार्डनर नसलेला) नको. तो पेट्रोल सांडलं की विरघळतो, इंधनाच्या झाकणाभोवती तर नकोच. तळाला बटण असलेली टू-के बाटली मिळते. बटण दाबल्यावर आत हार्डनर मिसळतो, आणि मग एक-दोन दिवसांत वापरून संपवावी लागते. वर वाफाऱ्यांनी लिहिलेलं सगळं तिलाही लागू.

---

चाकोरी
आता आहे ह्या बॉनेटचं काय? पुन्हा पहिल्यापासून? आणि डाव्या कोपऱ्यात माशाच्या डोळ्यासारखे पाच-सहा गोल खड्डे आहेत.

---

सुतारपक्षी
गोल खड्डे म्हणजे सिलिकॉन. टायर पॉलिश, डॅशबोर्डचा स्प्रे, गंज सोडवायचा स्प्रे, ह्यांपैकी काहीतरी त्याच जागेत मारलं गेलं असेल. पेट्रोल-रॉकेलने पुसू नका, त्यांचा तेलकट थर मागे राहतो. एनसी थिनर जुन्या रंगाला चावतो. सिलिकॉन रिमूव्हर आणा, दोन फडकी: एकाने ओलं करायचं, ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. एकाच फडक्याने फिरवलंत तर तेल फक्त जागा बदलतं.

पहिल्यापासून करायची गरज नाही. क्लिअर २४ तास, थंडी असेल तर ४८ तास वाळू द्या. मग ८०० चा वॉटर पेपर, रबरी ब्लॉकवर, बादलीत दोन थेंब भांड्यांचं लिक्विड. बोटांनी घासलं की बोटांच्या आकाराचे पाट पडतात, म्हणून ब्लॉक. चार-पाच हात फिरवून रबरी पट्टीने पाणी ओढा आणि बघा. मंद झालेल्या जागेत चमकणारे ठिपके म्हणजे सालीचे खड्डे. ठिपके जवळपास गेले की थांबा. कडा आणि घडीच्या रेषांवर आधी मास्किंग टेप लावा, तिथे थर सर्वात पातळ असतो. चुकून चंदेरी पाणी निघालं तर बेसला लागलात. तिथे पुन्हा बेस मारावा लागेल.

मग पुसून, टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट फडकं) हलक्या हाताने फिरवून, क्लिअरचे दोन हात. पहिला मध्यम, १०-१५ मिनिटं. मास्किंगवर पडलेल्या क्लिअरला बोट लावून बघा: तार सुटत नाही पण ठसा उमटतो, तेव्हा दुसरा, पूर्ण ओला. सपाट केलेल्या थरावर पडलेला हात आपोआप छान बसतो.

---

खळगा
एवढं न करता १५००, २०००, ३००० घासून कंपाऊंड-बफिंगने निघणार नाही का?

---

सुतारपक्षी
हलकी साल असेल तर निघेल. पण दोन हात क्लिअर म्हणजे वाळून ५०-६० मायक्रॉन, आणि हवा कमी पडल्यामुळे मध्ये त्याहून कमी बसला असणार. साल सपाट करताना १०-१५ जातात, बफिंगने आणखी थोडे. उन्हापासून रंग वाचवतो तो क्लिअरच. पातळ केलात तर दोन-तीन उन्हाळ्यांत सोलायला लागेल. मध्यभागी खरखर आहे, म्हणजे इथे पुन्हा मारणंच बरं. नंतर राहिलेले धुळीचे कण २००० ने टिपून कंपाऊंड करा, फोमचं पॅड, १२०० ते १५०० आरपीएम, कडांना हाताने. वॅक्स महिनाभर नको.

---

राखाडी
आणि आरशासारखं सपाट करायच्या नादी लागू नका. कारखान्यातल्या रंगालाही थोडी साल असते. शेजारच्या फेंडरमध्ये ट्यूबलाइटची रेघ बघा, ती किंचित दातेरी दिसेल. बॉनेट काचेसारखं आणि फेंडर कारखान्याचे, असं झालं की लांबूनच कळतं ही गाडी कुठेतरी ठोकली होती.

---

रविवारचा_मेकॅनिक
पुट्टीच्या जागा क्लिअरनंतर आठवड्याने नकाशासारख्या उमटतात, ते का?

---

खळगा
तीन कारणं. पुट्टीत हार्डनर अंदाजे टाकला. वजनाने २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २. जास्त टाकलात तर तो वर झिरपून फिक्या रंगात पिवळसर डाग देतो, कमी टाकलात तर आत कच्ची राहते. दुसरं, ८० च्या पेपरवरून थेट सरफेसर मारला. ८०, १८०, ३२० असं उतरत या. सरफेसर त्याच्या वेळेआधी घासलात तर तो नंतर आकसतो आणि खालचे ओरखडे वर येतात. तिसरं, पॉलिएस्टर पुट्टी पाण्याने घासली. ती स्पंजासारखी पाणी धरते, पुढे फोड आणि गंज. पुट्टी कोरडीच घासायची. सरफेसर ४०० कोरडा, मग ८०० ओला चालतो. सरफेसरवर काळ्या स्प्रेची अगदी विरळ धूळ उडवून घासा, काळं राहिलं तिथे खड्डा.

---

चाकोरी
तर असं: एलव्हीएलपी गन, गनपाशी गेज, फिल्टर नळीच्या टोकाला, ८०० ने सपाट, सिलिकॉन रिमूव्हर, बॉनेट उभं, ट्यूबलाइट बाजूला. घराच्या मागे उघड्यावर, सकाळी ८ ला, ताज्या काडतुसांचा मास्क. २५० मिलि क्लिअर, १२५ हार्डनर. बरोबर?

---

नटबोल्ट
एका बाजूला दोन हात म्हणजे ३७५ मिलि तयार माल, वर थिनर. पुरतो, पण काठावर. ३०० ला १५० करा. सगळं एकदम मिसळू नका, पहिल्या हाताला निम्मं, दुसऱ्याला निम्मं, उन्हाळ्यात मिश्रण कपातच घट्ट व्हायला लागतं. १९० मायक्रॉनच्या कागदी गाळणीतून गाळूनच गनमध्ये.

सुरुवात करायच्या आधी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडून पाणी काढा. आणि दुसरा हात संपल्या संपल्या गन लगेच थिनरने धुवा. बॉनेट कसं आलंय ते नंतर बघत बसा, ते कुठे जात नाही. गनमधला क्लिअर मात्र तासाभरात दगड होतो.